गिब रिव्हर रोड: फ्रिज टिकला, वायरिंग उघडं पडलं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बीहून निघून गिब रिव्हर रोडने कनुनराकडे जाणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. त्यातही ज्यांच्या गाडीत मागे फ्रिज आहे, किंवा घ्यायचं चाललंय, त्यांच्यासाठी. खरी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे, दोन स्पेअर टायर आहेत, हवा भरायचा पंप आहे आणि नदीतून गाडी काढायची सवय आहे हे धरून चाललोय. यातलं काही नसेल तर फ्रिजचं नंतर बघा.

निकाल आधीच सांगतो. दुकानात फ्रिजचे लिटर सांगतात, उणे किती जातो ते सांगतात, मोबाइलवरचं ॲप दाखवतात. हा रस्ता ज्या भागातून जातो त्या किम्बर्लीत यातलं काहीच कामी येत नाही. तिथे तीनच गोष्टी बघा: बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंतची तार, तिच्या टोकाचा प्लग, आणि फ्रिज कशाला आणि कसा बांधलाय. मध्यम दर्जाचा फ्रिज जाड तारेवर आरामात चालतो. महागातला महाग फ्रिज बारीक तारेवर दुसऱ्या संध्याकाळी मान टाकतो.

रस्ता ६६० किलोमीटरचा. १९६० च्या दशकात गुरांची वाहतूक करायला बांधलेला, आणि पावसाळ्यात बंद. मे ते सप्टेंबर हा खरा हंगाम. पश्चिमेकडचे काही तुकडे आता डांबरी आहेत. इमिंजी आणि माउंट बार्नेटला इंधन मिळतं, घळी सुंदर आहेत, पोहायला मिळतं. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

त्रास सुरू होतो गिब रिव्हर रोडवरून उत्तरेला फुटणाऱ्या कलुम्बुरु रोडला वळल्यावर. ड्रायस्डेल रिव्हर स्टेशनपर्यंतचे (इथे स्टेशन म्हणजे गुरांचा मोठा फार्म) साठेक किलोमीटर कसेबसे निभतात. पुढे मिचेल फॉल्स या धबधब्याकडे फुटणारा फाटा ८० किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे आणि तो निव्वळ पन्हळी पत्रा आहे, आडव्या लाटाच लाटा. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, नुकता फिरून गेला असेल तर नशीब. नसेल तर चार तास धरा. इथे गाडीतली प्रत्येक सैल वस्तू सुटते, आणि सगळ्यात आधी सुटतो तो फ्रिजचा सिगारेट-लायटर छाप प्लग.

या प्लगची रचनाच अशी आहे की टोकाला स्प्रिंगवरचा एक खिळा असतो आणि बाजूला दोन पत्र्याच्या पट्ट्या. खडखडाटात खिळा क्षणोक्षणी तुटक लागतो, ठिणगी पडते, टोक तापतं, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि संपर्क आणखी बिघडतो. चालत्या गाडीत हे कळत नाही. मुक्कामाला झाकण उघडाल तेव्हा चिकन कोमट झालेलं असतं. शिवाय कंपनीच्या बऱ्याच सॉकेटांना चावी बंद केली की वीजच नसते, म्हणजे धबधब्याकडे चालत गेलात की फ्रिज बंद. सरळ ५० अँपियरचा अँडरसन प्लग बसवा. दोन चपटे तांब्याचे संपर्क एकमेकांवर दाबून बसतात, हलत नाहीत. फ्रिजसोबत आलेल्या वायरचं लायटरवालं टोक कापा, अँडरसन क्रिम्प करा म्हणजे पकडीने दाबून बसवा, लाल-काळं दोनदा तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि हे न करता या फाट्यावर जाणं मूर्खपणा आहे.

आता तार. ऑस्ट्रेलियात गाडीच्या सामानाच्या दुकानात ‘६ मिमी ऑटो केबल’ मिळते. हा आकडा तांब्याचा छेद नव्हे, वरच्या आवरणासकट तारेची जाडी आहे. आत तांबं साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. ‘४ मिमी’ म्हणून घ्याल त्यात तर जेमतेम १.८. भारतात आपल्याला चौरस मिलिमीटरची सवय, त्यामुळे इथे आपली माणसं हमखास फसतात. ‘ऑफ-रोड फ्रिज वायरिंग किट’ अशा नावाने, दामदुप्पट किमतीला, खोक्यात घालून विकतात त्यातही अनेकदा हीच बारीक तार असते. खोक्यावर काहीही छापलेलं असो, तारेचं टोक सोलून बघा.

हिशोब सोपा आहे. बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर, जाऊन-येऊन १०. फ्रिज चालताना ५ अँपियर ओढतो असं धरा. १.८ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, वर सॉकेट आणि प्लगमध्ये आणखी थोडा. संध्याकाळी बॅटरी १२.२ दाखवत असली तर फ्रिजला मिळतात ११.५. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण ‘हाय’वर असेल तर तो ११.८ च्या आसपासच बंद पडतो. बॅटरीत निम्म्याहून जास्त जीव आहे, फ्रिज धडधाकट आहे, आणि आत दूध नासतंय. लोक फ्रिज कंपनीला शिव्या देतात.

तेव्हा ८ बी अँड एस नावाची दुपदरी तार घ्या, तांबं सुमारे ७.९ चौरस मिलिमीटर. तीच गळती ०.११ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात, ३० अँपियरचा. फ्रिजच्या स्वतःच्या वायरीवर १५ चा वेगळा. नंतर मल्टिमीटर घेऊन कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर मोजा, मग फ्रिजच्या प्लगवर मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या वर असला तर कुठला तरी जोड कच्चा आहे, शोधा. आणि हे निघण्याच्या आदल्या रात्री नको, दोन आठवडे आधी करा.

खुद्द फ्रिज निवडताना पहिली चाळणी: कॉम्प्रेसरवाला आहे का. थर्मोइलेक्ट्रिक ‘कूलर’ स्वस्त दिसतात, पण ते बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १८-२० अंश खाली नेतात आणि वीज अखंड ओढतात. बंद गाडीत ५० अंश झाले की आत ३०. त्यात श्रीखंड ठेवून बघा. गॅसवर चालणारे शोषण-पद्धतीचे फ्रिज सपाट जागी उभ्या कॅरॅव्हॅनसाठी ठीक, उतारावर थंडच करत नाहीत. दोन्ही बाद.

कॉम्प्रेसरांत दोन घराणी नावाजलेली. एक सेकॉप, म्हणजे पूर्वीचं डॅनफॉस, ज्याचे बीडी-३५ आणि बीडी-५० वर्षानुवर्षं बोटींवर आणि ट्रकांत चालत आलेत. दुसरं सावाफुजीची स्विंग मोटर, जी एंगेलच्या फ्रिजांत असते. तिच्यात हलणारा भाग जवळपास एकच, सुरू होताना वीज हपापून ओढत नाही, हादऱ्यांना दाद देत नाही. मात्र जुन्या मॉडेलांत तापमानाला १ ते ५ ची नुसती घुंडी आणि बॅटरी वाचवणारं कटऑफ नाही. विसरलात तर बॅटरी पार झोपते. सेकॉपवाल्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो आणि दोष दाखवायला लाल दिवा मिचकावतो: १ वेळा म्हणजे व्होल्टेज कमी, ३ वेळा म्हणजे मोटर सुरूच होत नाही, ५ वेळा म्हणजे नियंत्रक तापलाय. हे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. ५ मिचकावे दिसले तर ९० टक्के वेळा कॉम्प्रेसरच्या हवेच्या जाळीवर कुणीतरी झोपायच्या पिशव्या रचलेल्या असतात. जाळीसमोर किमान ८-१० सेंटिमीटर मोकळं हवंच.

आकाराबद्दल स्पष्ट बोलायचं तर दोघांना ४५ लिटर पुरतो, चौघांना ६०-७५. त्याच्या वर गेलात की वजन, जागा आणि वीज तिन्ही बोकांडी बसतात. लिटरच्या आकड्यात कॉम्प्रेसरचा उंचवटा, कोपरे, टोपली सगळं मोजलेलं असतं. टेप घेऊन दुकानात जा. २ लिटरची दुधाची बाटली उभी मावते का बघा, आणि झाकण पूर्ण उघडल्यावर गाडीच्या छताला, ड्रॉवरला लागतं का तेही. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढा. कुठल्याही कोपऱ्यात सहज निसटली तर तो नग नको.

दोन कप्प्यांचा, एकीकडे फ्रिज एकीकडे फ्रीझर, हा प्रकार कुटुंबाला घ्यायला दुकानदार आग्रह करतात, कारण तो महाग असतो. मधली भिंत जागा खाते आणि फ्रीझरमुळे वीज दुपटीच्या घरात जाते. बाहेर ३५ अंश असताना ५० लिटरचा फ्रिज ४ अंशांवर दिवसाला २५ ते ३५ अँपियर-तास घेतो, उणे १५ वर ५० ते ६०. आईस्क्रीमची हौस नसेल तर एकाच कप्प्याचा घ्या आणि मांस व्हॅक्यूम पॅक करून ३ अंशांवर ठेवा.

त्या हिशोबाने फ्रिजसाठीची दुसरी बॅटरी. १०० अँपियर-तासांची एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी) निम्मीच वापरता येते, म्हणजे फ्रिजवर दीड दिवस. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० सहज मिळतात, पण ती बॉनेटखाली बसवू नका, उष्णता सोसत नाही. चार्जिंगला २५ ते ४० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर, जो अल्टरनेटरचं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, साध्या रिलेवर दुसरी बॅटरी भरतच नाही. मिचेलच्या तळावर गाडी दिवसभर उभी राहते, तिथे १६०-२०० वॉटचं घडीचं सोलर पॅनेल लागतं. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात, मध्ये लांब तार. उलट केलंत तर फ्रिज दुप्पट चालतो.

बांधणीत लोक फ्रिजच्या हँडलांना पट्टा घालतात. हँडल उचलायला असतात, खेचायला नाहीत. पन्हळीवर त्यांचे स्क्रू प्लास्टिकमधून उपटून येतात. भरलेला फ्रिज ४५-५० किलोचा, ब्रेक मारल्यावर तो थेट मागच्या सीटवरच्या पोरांच्या पाठीत. त्याच मॉडेलचं टाय-डाउन किट (बांधायच्या पट्ट्यांचा संच) घ्या, गाडीच्या मूळ लोखंडी कड्यांना बांधा, आणि इंधन भरताना दर वेळी पट्टे ताणून बघा. सरकणारी स्लाइड सोयीची आहे, पण १५-२० किलो वाढवते आणि तिच्या किमती लाज आणणाऱ्या आहेत. गाडी उंच असेल आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती बुटकी असेल तरच घ्या.

टायरची हवा २६-२८ पीएसआयवर उतरवा. यानेच फ्रिजचं अर्धं आयुष्य वाचतं. वेग ६०-७० ठेवा. कलुम्बुरु रोड करून आल्यावर मत कडवट होतं हे मान्य, पण यात सूट नाही.

भरतानाच्या चुका ठरलेल्या आहेत. ॲल्युमिनियमचे कॅन एकमेकांना घासून त्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि सगळा फ्रिज चिकट होतो. प्रत्येक कॅनला जुना मोजा घाला. हाडाचं मटण व्हॅक्यूम पिशवी फाडतं, म्हणून बिनहाडाचं. कोथिंबीर भिंतीला टेकली की गोठून काळी पडते, ती वरच्या टोपलीत कागदात गुंडाळून. इडलीचं पीठ नेऊ नका. हलून हलून झाकण उडवतं. घडीच्या पोळ्या आणि वाटून ठेवलेलं ओलं खोबरं मात्र छान टिकतं. निघण्यापूर्वी घरच्या विजेवर एक पूर्ण दिवस रिकामा थंड करा, मग थंडच सामान भरा, आणि पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून खरं तापमान बघा. पडद्यावरचा आकडा सेन्सरजवळचा असतो, तळाशी अंडी गोठलेली असू शकतात.

धूळ मैद्यासारखी आत घुसते. काचा बंद, पंखा बाहेरची हवा घेणारा आणि जोरात, म्हणजे आत दाब राहतो. मुक्कामाला कॉम्प्रेसरची जाळी मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका.

वाटेतली पेंटेकोस्ट नदी ओलांडण्यापूर्वी अँडरसन प्लग आणि फ्यूज डिकीच्या तळाशी लोळत नाहीत ना, वर बांधलेत ना, हे बघा. मागच्या दाराचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही. खोली बघायला पायी उतरू नका, मगरी आहेत. पुढची गाडी जाऊ द्या आणि तिची चाकं किती बुडतात ते पाहा.

डार्विनकडून उलट दिशेने येणार असाल तर कनुनराच्या अलीकडे राज्याच्या सीमेवर तपासणी नाका आहे. फ्रिज उघडायला लावतात. कच्ची फळं, भाज्या, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मध सगळं काढून टाकतात. शिजवलेलं जातं. म्हणून त्या बाजूने येताना फ्रिजमध्ये शिजवलेल्या उसळी आणि मांस ठेवा, आणि ताजी भाजी कनुनरात घ्या.