जाम गेटची राइड आणि शेवटी पोचणाऱ्याचा चहा

आधी मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो, कारण या वेळचं सगळं प्लॅनिंग तिथूनच निघालंय. इंदूरजवळ चोरलच्या बाजूला बाइकवर गेलो होतो, सहा गाड्या, बराचसा कच्चा रस्ता, सगळे धड परत आले, आम्ही खूश. रात्री घरी जेवताना वहिनी (मोठ्या भावाची बायको, तेव्हा गाडी शिकून जेमतेम सहा महिने झालेले) म्हणाली, मी पुन्हा येणार नाही. का गं, काय झालं? तर म्हणे, "तुम्ही पुढे जाऊन झाडाखाली पंधरा मिनिटं बसता, पाणी पिता, फोटो काढता, आणि मी पोचले की लगेच हेल्मेट घालून निघता. दिवसभरात मला एकदासुद्धा बसायला मिळालं नाही, आणि वर तुम्हीच म्हणता की हिचा स्टॅमिना कमी आहे."

पोळी हातातच राहिली माझी. दहा वर्षं ग्रुप घेऊन हिंडतोय आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, की जो सगळ्यात हळू त्यालाच सगळ्यात कमी आराम, म्हणून तो अजून दमतो, म्हणून अजून हळू होतो, मग पडतो. आणि आपण म्हणतो याला चालवता येत नाही.

तर या नोव्हेंबरात पुन्हा ठरवलं तेव्हा पहिली मीटिंग वहिनीच्या समोरच घेतली, इंदूरला आमच्याकडे राजेंद्रनगरला, रविवारी सकाळी, पोहे आणि वर भरपूर जीरावन (आमचा इंदुरी मसाला). सात गाड्या जमल्या. रामबागेतले काका, वय 61, सिंचन खात्यातून रिटायर, जन्मभर राजदूतवर साइट हिंडलेले आणि आता स्प्लेंडर. डॉक्टर, नवी कोरी हिमालयन 450, लडाख करून आलेले पण डांबरावरून. भाचा, वय 24, एक्सपल्स, याला सगळं येतं आणि ते सगळ्यांना माहीत असायला पाहिजे असं त्याला वाटतं. कॉलनीतले दोन मित्र, त्यातल्या एकाच्या मागे त्याची बायको. वहिनी, तीही एक्सपल्सवर. आणि मी, जुनी हिमालयन 411.

भाच्याचं म्हणणं, मामा, पातालपानीहून खाली कालाकुंड करू. जागा सुंदर आहे यात वादच नाही. मीटरगेजची जुनी लाइन घाटातून उतरते, 2018 च्या डिसेंबरपासून तिथे हेरिटेज ट्रेन सुरू झाली, आणि कालाकुंड स्टेशनचा कलाकंद खाल्ला नाही तो इंदूरचा कसला. पण आम्ही ज्या वाटेने एकदा गेलो होतो तिच्यावर एक भानगड आहे, दरीत उतरलात की मधेच "बस झालं, मी चाललो" म्हणायची सोयच नाही. जो दमला त्यालाही पूर्ण करावंच लागतं, आणि दमलेला माणूस दगडात काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. चार जण सारख्या हाताचे असतील तर जावं, मीपण येईन. या ग्रुपला नाही.

म्हणून जाम गेट. महूहून मंडलेश्वरला जो डांबरी रस्ता जातो त्यावर, विंध्याच्या अगदी कडेला. या बाजूचा फायदा असा की डांबर मधे ठेवता येतं आणि कच्च्या वाटा त्याला शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडता येतात, कुठूनही दोन-तीन किलोमीटरमध्ये पक्क्या रस्त्याला लागता येतं. मी तर म्हणेन ग्रुप मिक्स असेल तर रूट निवडताना आधी पळवाट बघा, सीनरी नंतर.

दोन रविवार आधी मी आणि काका बघायला गेलो. महूला फौजेचा मोठा एरिया आहे, तिकडे चुकूनही चाक घालायचं नाही, आणि बडगोंद्याच्या पुढे जंगल खात्याच्या वाटा आहेत त्याही सोडल्या, बिबट्या आहे तिथे आणि परवानगीशिवाय गाड्या घुसवणं मला तरी पटत नाही. उरल्या गावागावांमधल्या गाडीवाटा. प्रत्येक ठिकाणी शेतावर कोणी दिसलं की काका थांबून रामराम करायचे, गहू पेरला का विचारायचे, मग हळूच वाट विचारायचे, यात आमचा निम्मा दिवस गेला पण दोन बंद वाटा आणि एक खाजगी शेत त्यामुळेच कळलं. अजून एक गोष्ट काकांकडून शिकलो. एक छान उतार होता, मी मजेत उतरलो, म्हटलं हा घेऊ. काका वरच उभे. म्हणाले, "आता चढून ये, मग लिही कागदावर." तीन वेळा प्रयत्न केला, सुटे दगड, मागचं चाक नुसतं गरगर. उतार कटला.

मग टाइमचा हिशोब, आणि इथे बहुतेक सगळे गंडतात. एकूण कच्चा रस्ता 26 किलोमीटर. एकटा असेन तर तासाला 20 ने निघतं. पण सात गाड्यांत एक पडली की सात थांबतात, एकाला जॅकेट काढायचं असतं, एकाला सू-सू. मी तासाला 8 धरला, म्हणजे सव्वातीन तास. भाचा हसला. नोव्हेंबरात आपल्याकडे पावणेसहाला सूर्य मावळतो म्हणून उलटं मोजत आलो आणि ठरवलं, दुपारी दोनला जो जिथे असेल तिथून सरळ डांबर पकडायचं, अर्धा पॅच (कच्च्या वाटेचा तुकडा) राहिला तरी.

नियम मोजके ठेवले, जास्त ठेवले की कोणी पाळत नाही. सगळ्यात पुढे मी, माझ्या लगेच मागे वहिनी आणि मग डॉक्टर, म्हणजे स्पीड त्यांच्या हिशोबाने राहील आणि मागे कोणीतरी आपली वाट बघतंय हे प्रेशर नाही. सगळ्यात मागे भाचा. तो भडकलाच, "मामा, मी लास्ट?" म्हटलं राजा, मागे तोच लागतो ज्याला दुसऱ्याची गाडी उचलता येते, पंक्चर काढता येतं आणि ती उलटी वळवूनही आणता येते. पटलं नाही पण जरा फुगला. वळणावर माझ्या मागचा थांबणार आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत हलणार नाही. अवघड पॅचवर एकट्याने जायचं नाही, कमीत कमी दोन गाड्या. आणि वहिनीचा नियम, ब्रेकची पंधरा मिनिटं शेवटचा माणूस हेल्मेट काढून बसला की मग सुरू. आधी आलेल्यांनी कितीही चहा प्यायला असो.

शनिवारी संध्याकाळी एका मोकळ्या मैदानावर सगळ्यांना पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून हळू चालवायला लावलं, आणि पडलेली गाडी उचलायला. डॉक्टरांची गाडी 196 किलोची, एक्सपल्स 160 च्या आसपास. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून बसायचं आणि पायांनी ढकलत उलटं चालायचं, कमरेने ओढायचं नाही. वहिनीने उचलली. डॉक्टरांची पण उचलली. डॉक्टरांनी स्वतःची दुसऱ्या प्रयत्नात.

सकाळी सव्वासहाला निघालो, राऊ, मग महू. महूच्या पंपावर पेट्रोल आणि बाथरूम, आणि मंडळी, ग्रुपमध्ये बायका असतील तर हे आधी बघून ठेवा, फक्त पुरुष असलेले ग्रुप हे कधीच प्लॅनमध्ये लिहीत नाहीत.

पहिलाच पॅच फसला. दोन दिवस आधी मावठ्याचा पाऊस पडून गेला होता, वरून जमीन वाळलेली दिसत होती, पण माळव्याची काळी माती ती, वर पापडी आणि आत लोणी. तीनशे मीटर गेलो असू, काकांच्या स्प्लेंडरच्या मडगार्डमध्ये माती अशी ठासून भरली की पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. चाक फिरत नाही आणि गाडी घसरत घसरत पुढे. माझीही तीच गत. काकांनी बाभळीची काठी तोडली आणि शांतपणे माती कोरत बसले, जणू आयुष्यभर हेच करत आलेत, आणि खरंच करत आलेत. मी मागे फिरायचं ठरवलं. भाचा म्हणाला पुढे कोरडं असेल, असेलही, पण काळ्या मातीशी कोणी जिंकलेलं मी बघितलं नाही. दहा मिनिटांत डांबरावर. एका पॅचवर पाणी सोडलं, दिवस वाचला.

दुसरा पॅच मुरमाचा, मस्त. सोयाबीन निघून गेलेलं, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी वाटेत खोल चाकोऱ्या पाडलेल्या. चाकोरीतून जाताना चाकाकडे बघायचं नसतं, लांब बघायचं, नजर जिथे तिथे गाडी. डॉक्टरांना हे शनिवारी चार वेळा सांगितलं होतं. त्यांनी चाकोरीकडे बघितलं, चाकोरीने त्यांना घेतलं. हळूच पडले, काही लागलं नाही, पडल्या पडल्या म्हणतात, "पाठ, सीट, पाय, बरोबर ना?" आणि स्वतः उचलली. त्यानंतर डॉक्टर दिवसभर एकदम खुलले, पहिल्यांदा पडायची भीती असते ती जाते ना, तसं.

मग नाला. पाणी पोटरीपर्यंत, पण तळाचे दगड शेवाळलेले. सगळे उतरलो, चालत जाऊन बघितलं, हे करायचंच. काका पहिल्या गिअरमध्ये टुकटुक निघून गेले, बूटसुद्धा जेमतेम ओले. मित्राची बायको उतरून चालत गेली. वहिनी दोन मिनिटं बघत राहिली, तिचे पाय त्या सीटवरून जमिनीला अर्धवटच टेकतात, पाण्यात तोल गेला तर टेकायला काही नाही. म्हणाली, भाऊजी, माझी गाडी तुम्ही न्या. शहाणपणाचं होतं. मी ऐटीत बसलो, उभा राहिलो पेगवर, आणि बरोबर मध्यावर पुढचं चाक एका दगडावरून सटकलं आणि मी तिच्या गाडीसकट पाण्यात.

सगळे थांबून बघतायत. वहिनी काठावरून, "मला वाटलं मीच पाडेन!"

गाडी बाहेर काढली. अशा वेळी स्टार्टर मारायचा मोह होतो, मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी काही दबत नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खर्च विचारू नका. प्लग काढला, एअर फिल्टर बघितला, कोरडे. नशीब. पंचवीस मिनिटं गेली, सव्वातीन तासांत ती धरलेलीच होती, आणि भाच्याने प्लग इतक्या झटपट उघडला की त्याला शेवटी ठेवल्याचं मला समाधान वाटलं.

शेवटचा तुकडा जाम गेटच्या अलीकडे, दोन किलोमीटर नुसते दगड, आणि शेजारून डांबरी रस्ता, दोन्ही गेटच्या जवळच निघतात. इथे मुद्दाम दोन पर्याय ठेवले होते. भाचा आणि कॉलनीतला एक मित्र दगडांत, बाकी सगळे डांबराने. भाच्याला अख्खा दिवस मागे ठेवलं होतं, त्याला त्याची मजा मिळायलाच हवी, नाहीतर पुढच्या वेळी तो ऐकणार नाही.

जाम गेट पहिल्यांदा बघणाऱ्याला कळतच नाही काय आहे ते. माळव्याच्या बाजूने येता, सपाट शेतं, एकदम समोर दगडी कमान, आणि कमानीतून पलीकडे बघितलं तर जमीनच संपते, खाली निमाड, धुरकट, लांबपर्यंत. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेलं. राजधानी खाली महेश्वरला, नर्मदेच्या काठावर, आणि वर माळवा, मधे हा चढ. काका कमानीखाली उभं राहून म्हणाले, बैलगाडीने चढत असतील बघ, आणि आम्ही 450 सीसीला रडतोय. रविवार होता, गर्दी, माकडं, सेल्फी. एका टपरीवर बसलो, चहा, भजी.

ते दोघं आले नाहीत. वीस मिनिटं, तीस. घाटात नेटवर्क येतं-जातं, फोन लागेना. दोघं एकत्र आहेत म्हणून जीव थोडा थाऱ्यावर होता. चाळीस मिनिटांनी मी हेल्मेट उचललं तेवढ्यात एक मेसेज घुसला, "मागचं पंक्चर, येतो." नंतर कळलं, आम्ही सगळ्यांनी टायरची हवा 20-22 पीएसआयवर आणली होती, साहेबांनी ग्रिप पाहिजे म्हणून मागच्यात 14. ट्यूबचा टायर, स्पीडमध्ये दगडावर आपटला, ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली, सापाने डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. पंक्चरचा पॅच बसला नाही. पुढच्या 21 इंचाची स्पेअर ट्यूब होती तीच मागच्या 18 मध्ये कोंबली, घरी येईपर्यंत चालते तशी, हवा फक्त जरा जपून. दोन टॉमी (टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या) त्याच्याकडे, पंप मित्राकडे.

पावणेदोनला आला. हात काळे, तोंड उतरलेलं, घामाने भिजलेला. मला माहीत होतं तो काय बोलणार. हेल्मेटही न काढता म्हणाला, "सॉरी, माझ्यामुळे लेट झालं, चला निघू या."

कोणी काही बोलायच्या आत वहिनीने शेजारची खुर्ची ओढली. "बस आधी. हेल्मेट काढ." टपरीवाल्याला सांगितलं, भैया, दो चाय और. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "दोन वाजता निघू."

आम्ही सगळे पाऊण तासापासून बसलेलो, चहा पिऊन पोट डचमळलेलं. तरी कोणी उठलं नाही.