स्वराज द्वीपची छोटी डाइव्हिंग सहल: आधी पाणी, मग जमीन

अंदमानला स्कूबा डाइव्हिंगसाठी (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाण्यासाठी) जायचं ठरलं की सगळ्यात आधी परतीच्या विमानाची वेळ कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या. सुट्टी कमी असेल तर ही सवय फार उपयोगी पडते. सहल कंपन्यांचे नेहमीचे कार्यक्रम पोर्ट ब्लेअरपासून सुरू होतात: उतरल्या दिवशी सेल्युलर जेल, मग आसपासची बेटं, मग हॅवलॉक (म्हणजेच स्वराज द्वीप). डाइव्हिंग करणाऱ्यासाठी हा क्रम उलटा आहे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबामुळे रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर उड्डाणापूर्वी किमान 12 तास आणि लागोपाठ अनेक केल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. मी पूर्ण 24 तास धरते. आयत्या वेळी घड्याळाशी भांडण नको.

मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघीच गेलो होतो. माझा ओपन वॉटर कोर्स (डाइव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स) आधी झालेला होता, तिला तो तिथे करायचा होता. सकाळी लवकर उतरणारं विमान घेतलं, दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक गाठलं आणि पोर्ट ब्लेअर शेवटासाठी राखून ठेवलं. (हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम. बोलताना मात्र जुनी नावंच जास्त कानावर पडतात.) खासगी बोटी साधारण दीड ते दोन तासांत पोचवतात, सरकारी बोटीला थोडा जास्त वेळ लागतो. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम हवा. ती रात्र नायट्रोजनसाठीही लागतेच, म्हणजे एकाच मुक्कामात दोन्ही कामं होतात.

आता कोर्स की नुसती एक डाइव्ह? ज्याला पोहता येत नाही, त्यालाही तिथे पाण्याखाली नेतात. प्रशिक्षक पूर्ण वेळ मागून टाकी धरून असतो आणि 12 मीटरपेक्षा खोल नेत नाही. मजा येते, पण सगळा ताबा त्याच्या हातात असतो. आपलं आपण तरंगायचं आणि हवं तिकडे वळायचं असेल तर ओपन वॉटर कोर्सच करावा. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह होतात आणि पुढे 18 मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. पोहता आलं पाहिजे: 200 मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. वयाची अट दोन्हीकडे किमान 10 वर्षं.

कोर्सचा अभ्यास ऑनलाइन असतो आणि तो घरीच संपवून निघणं हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. बहिणीने निघण्याआधी रोज रात्री थोडा थोडा करून तो उरकला. शेजारच्या खोलीतलं एक जोडपं मात्र समोर निळंशार पाणी असताना वऱ्हांड्यात मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलेलं दिसायचं. आरोग्याचा फॉर्मही आधीच मागवून घ्या. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती आपल्या गावात एका दिवसात मिळते, बेटावर धावपळ होते. आणि तिथे खोटं ‘नाही’ लिहू नका, कृपा करून.

चष्मा असेल तर नंबरची मास्क मिळते का ते केंद्राला आधी विचारा. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे थोडा नंबर असलेल्यांचं साध्या मास्कवरही भागतं. सर्दी झाली असेल तर मात्र डाइव्ह नको. पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि नाक बंद असेल तर कान मोकळे करता, म्हणजे आतला दाब बाहेरच्याइतका करता, येत नाहीत. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना त्रास होतो. बोटीत मळमळत असेल तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते.

केंद्र निवडताना दर सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा की एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील, बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि एखादं कौशल्य जमलं नाही तर एक दिवस वाढवून मिळेल का. या तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला तिथे कळलं. बहिणीला मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं काही केल्या जमेना. दर वेळी ती घाबरून उभी राहायची. प्रशिक्षक म्हणाला, “आज इतना ही. कल सुबह फिर करेंगे.” त्या दिवशीची समुद्रातली डाइव्ह त्याने सरळ पुढे ढकलली. संध्याकाळी ती मला म्हणाली, “ताई, उद्या नाही जमलं तर?” मी म्हटलं, “नाही जमलं तर नाही. दिवस आहे आपल्याकडे.” दुसऱ्या सकाळी कंबरभर पाण्यात तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला जमलं. वेळापत्रकात एक मोकळा दिवस होता म्हणून तो धीर देता आला. तुमच्या बेतात असा दिवस नसेल तर कोर्सऐवजी एक-दोन साध्या डाइव्ह कराव्यात, असं मी स्पष्ट सांगेन.

ती शिकत होती तेव्हा मी दुसऱ्या बोटीने लाइटहाउस आणि वॉल या डाइव्हच्या जागा करून आले. बोटी सकाळी लवकर सुटतात आणि तिथे सूर्यही आपल्यापेक्षा फार लवकर उगवतो, पाचच्या सुमारालाच उजाडतं. वॉल जेट्टीपासून जवळ आहे: एक कडा थेट खोल अंधारात उतरतो आणि त्याच्या भिंतीला मऊ प्रवाळ लगडलेलं असतं. खाली जाताना लाल रंग सगळ्यात आधी जातो, म्हणून तिथलं सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च टाकला की तोच कोपरा भगवा, किरमिजी होऊन उठतो. टॉर्च भाड्याने मिळत असेल तर नक्की घ्या. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांची नावं सगळेच घेतात, पण त्या खोल जागा आहेत आणि प्रवाहही असतो. नुकताच कोर्स झालेल्यांनी त्यांचा हट्ट धरू नये.

शेवटच्या डाइव्हला आम्ही दोघी एकत्र उतरलो, निमो रीफवर. उथळ, शांत जागा. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनीच्या) हलत्या बोटांत नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आपलं घर राखत होते आणि बहिणीने हात पाठीशी बांधून, काही न ढवळता, त्यांच्यासमोर किती तरी वेळ स्थिर तरंगून दाखवलं. मला तिचा फार अभिमान वाटला. इथलं प्रवाळ 2010 च्या उष्ण पाण्यात मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं आणि बरीच मोडकी, राखाडी फांदी अजून दिसते. म्हणूनच पाण्याखाली उभं राहू नका, काही धरू नका, फिन्स (पायातली वल्ही) तळाला लागू देऊ नका. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा बरा.

डाइव्हनंतरच्या वेळेत राधानगरच्या किनाऱ्यावर जाऊन या, पण लवकर. हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो. मगरींबद्दलच्या पाट्या तिथे खऱ्या कारणाने लावल्या आहेत. जीवरक्षक सांगतील त्याच पट्ट्यात पोहा. बेटावर एटीएम मोजकीच आहेत, रोख रक्कम सोबत ठेवा. नेहमीच्या प्रवासविम्यात डाइव्हिंग धरलेलं असेलच असं नाही, अटी वाचून घ्या.

मग परतीची बोट, आणि नायट्रोजन बाहेर पडायची ती सक्तीची विश्रांती सेल्युलर जेलसाठी. तुरुंगाच्या सात बाह्यांपैकी (विंग्जपैकी) आता तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 या काळात इथे होते, त्यांचे थोरले भाऊ बाबारावही याच तुरुंगात. वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी माणसं चपला काढून उभी असतात. घाईघाईत, पहिल्या दिवशी, प्रवासाच्या थकव्यात ही जागा बघू नये असं मला मनापासून वाटतं. अख्खी दुपार द्या.

ज्यांना इतक्या लांब जाण्याआधी स्वतःला आजमावून बघायचं आहे, त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या पाण्यात अंदमानइतकं लांबचं दिसत नाही, पण रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणातून) श्वास घ्यायची भीती तिथेच मोडते.

जायचं असेल तर जानेवारी ते एप्रिल हे महिने धरा, तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. बुकिंगचा क्रम असा ठेवा: विमान, मग लगेच दोन्ही वेळच्या बोटी, मग डाइव्ह केंद्र आणि त्याच्या जवळपासचं हॉटेल. बोटीच्या आणि विमानाच्या तिकिटावर ओळखपत्रावरचंच नाव घाला. येताना किनाऱ्यावरचा एकही प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालू नका. कायद्याने त्याला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.