तीन सालांतलं खरं कोणतं?

मागच्या आठवड्यात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, घेऊन आली. गाव आटपाडीकडचं, विषय रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बायका. म्हणाली, "मॅडम, रोजगार हमी योजना, रोहयो, एका लेखात 1972 ला सुरू झाली, दुसऱ्यात 1977 ला, तिसऱ्यात 1979 ला. यातलं खरं कोणतं?" तिन्ही सालं तिने पेन्सिलीने लिहून खोडली होती. कागद तेवढ्या जागी झिजला होता.

मी म्हटलं, तिन्ही खरी आहेत गं. खोडू नकोस, तुझा आढावा इथूनच सुरू होतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली. 1972 मध्ये शासनाने ती योजना म्हणून स्वीकारली, पण तेवढ्यात मोठा दुष्काळ पडला आणि सगळीकडे दुष्काळी कामंच निघाली. विधिमंडळाने कायदा केला 1977 साली आणि तो अमलात आला 26 जानेवारी 1979 ला. 1972 लिहिणारा लेखक सरकारी योजनेची गोष्ट सांगतोय. 1979 लिहिणारा हक्काची गोष्ट सांगतोय. तिच्या विषयाला हा फरक फार मोठा आहे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला सरकार मदत करत होतं. कायदा आल्यावर तीच बाई काम मागू शकत होती, आणि 15 दिवसांत काम मिळालं नाही तर तिला बेकारी भत्ता मागता येत होता. काम तेच, घमेलं तेच, पण बाई कायद्यापुढे वेगळी झाली.

हे तिला सांगताना मला जाणवलं की पूर्वसंशोधनाचा आढावा कसा लिहायचा हे आपण मुलांना शिकवतच नाही. 'दुसरं प्रकरण' म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. मग मुलं काय करतात? तिच्या प्रकरणात अकरा परिच्छेद होते आणि प्रत्येकाची सुरुवात कुणाच्या तरी नावाने. अमुक (1973) यांच्या मते, तमुक (1980) यांनी असे म्हटले आहे. मी तिला विचारलं, रोहयोच्या कामावर मस्टर असतं ना, त्यावर काय असतं? नावं आणि हजेरी. आणि काम किती झालं ते कुठे असतं? मोजमापाच्या वहीत. तू मला मस्टर दिलंयस, मोजमाप राहिलंय.

तिच्याच यादीतली तीन नावं घेऊन आम्ही बसलो. वुल्फ लाडेजिन्स्की यांनी 1973 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दुष्काळाबद्दल लिहिलं. त्यांचा प्रश्न होता, माणसं जगतायत कशी? कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी 1980 मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं, तेव्हा प्रश्न बदलला होता: या कामावर येतं कोण? आणि 1993 मध्ये रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी यांनी विचारलं की या हमीतली हमी अजून शिल्लक आहे का? वीस वर्षांत एकाच योजनेला तीन वेगळे प्रश्न. हे ओळीने मांडलं की वाचणाऱ्याला कळतं, पुढचा प्रश्न तुम्ही का विचारताय.

तिसऱ्या अभ्यासाजवळ आम्ही बराच वेळ थांबलो, कारण पद्धत म्हणजे काय हे तिथे फार चांगलं दिसतं. 1988 मध्ये योजनेवरची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी घटली. वरवर बघणारा म्हणेल, लोकांना कामाची गरज उरली नाही. पण या तिघांनी राज्याची महिन्यामहिन्याची आकडेवारी लावून पाहिली आणि दाखवलं की 'मागेल त्याला काम' यातला 'मागेल त्याला' मागे पडला होता. वाढीव मजुरीवर कामं पुरत नव्हती. दुसरीकडे इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांतल्या घरांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आहे. त्या नोंदींवर आधारलेले अभ्यास सांगतात की गावातल्या कोणत्या घरातलं कोण कामावर गेलं. राज्याच्या आकड्यांना घराच्या आतलं दिसत नाही आणि गावाच्या नोंदींवरून सगळ्या राज्याबद्दल बोलता येत नाही. दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर लगेच 'मतभेद आहेत' असं लिहू नका. आधी बघा, दोघं एकच गोष्ट मोजत होते का.

म्हणून मी प्रत्येक लेखासाठी वहीत एक पान ठेवायला लावते. लेखकाचा प्रश्न काय, कुठली माणसं, कुठली वर्षं, माहिती कशी गोळा केली, काय सापडलं, आणि मला काय पटलं नाही. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो लेख पुन्हा वाचायचा. झोटेरोमध्ये संदर्भ ठेवा, जरूर ठेवा, फुकट आहे आणि छान आहे. पण हा रकाना कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या प्रबंधात मी एक अवतरण दुसऱ्या एका प्रबंधातून घेतलं होतं. मूळ लेख मी पाहिलाच नव्हता. संदर्भ मात्र मूळ लेखाचा दिला, पानाच्या आकड्यासकट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "या पानावर हे वाक्य नाही. तुम्ही लेख वाचलाय?" त्या आधीच्या प्रबंधात पान चुकलं होतं आणि ती चूक जशीच्या तशी माझ्याकडे आली होती. मी 'नाही' म्हटलं. पदवी मिळाली, पण त्या खोलीतली शांतता अजून आठवते. तेव्हापासून न वाचलेल्या लेखाचा संदर्भ मी देत नाही. मूळ लेख मिळालाच नाही तर 'अमुक यांच्या लेखातून उद्धृत' असं सरळ लिहिते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता हाच धोका दुसऱ्या वाटेनेही येतो. यंदा एका मुलाने चॅटबॉटकडून संदर्भ आणले. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि तो लेख कधी छापलाच गेला नव्हता. त्याने दोन दिवस ग्रंथालयात घालवले होते. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं.

शोधण्याबद्दल थोडं. इंग्रजीत शोधताना 'रोजगार'चं स्पेलिंग जे घालून आणि झेड घालून, दोन्हींनी शोधा. मराठीत 'रोजगार हमी' आणि 'रोहयो' दोन्ही. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी प्रबंध आहेत, पण बरेचसे स्कॅन केलेले, आतला मजकूर शोधात येत नाही. शीर्षकावरून उघडावे लागतात. तिथून त्यांची संदर्भसूची घ्या आणि मुळाकडे जा. 'अर्थसंवाद', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंक गुगलवर सापडले नाहीत म्हणजे त्या विषयावर मराठीत काही लिहिलंच गेलं नाही असं नाही. 'या विषयावर संशोधन झालेले नाही' हे वाक्य मला दर वर्षी दिसतं, आणि लिहिणारा बहुतेक वेळा कपाटापर्यंत गेलेलाच नसतो.

सोमवारी ती परत आली. अकरा परिच्छेदांचे पाच झाले होते, आणि तिने स्वतःहून एक गोष्ट पकडली होती. कामावर लहान मुलांना सांभाळायची सोय योजनेत आहे, हे तिच्या अकरांपैकी बऱ्याच लेखांत होतं. मुलांजवळ प्रत्यक्ष कोण बसायचं, हे त्यातल्या एकातही नव्हतं. घरी गेल्यावर तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, मिलोच्या साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, ती तलावाच्या कामावर होती, आणि तान्हं पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत, थोरली लेक झोका द्यायला.

"हे आढाव्यात घालू का मॅडम?"

इथे नाही, म्हटलं. हे चौथ्या प्रकरणात, मुलाखत म्हणून, आजीची परवानगी घेऊन. रविवारी पुन्हा जा, तारीख लिही, आणि त्या तलावावर तिच्याबरोबर असलेल्या अजून कोणी बायका गावात आहेत का ते विचार. मग आढाव्याच्या शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या, कोणते अकरा लेख पाहिले आणि त्यांत काय आढळलं नाही. 'संशोधन झालेले नाही' हे शब्द त्यात नव्हते.