चार्जिंगचे पोर्ट, सेलचे आवरण आणि रोजची हाताळणी

गेल्या महिन्यात माझा फोन चार्ज होईनासा झाला. केबल एका बाजूला दाबून धरली की चार्जिंग सुरू होई आणि हात सोडताच बंद पडे. पोर्ट निकामी झाले असे समजून मी दुरुस्तीला निघालो होतो, पण त्याआधी विजेरीच्या उजेडात आत पाहिले, तेव्हा तळाशी खिशातल्या तंतूंचा राखाडी थर घट्ट बसलेला दिसला. केबल खोचताना रोज मीच तो आत रेटत आलो होतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो अलगद उकरून काढला आणि केबल पुन्हा पूर्ववत बसली. यूएसबी-सी जोडणी १०,००० वेळा काढघाल सोसेल अशा बेताने घडवलेली असते, म्हणजे रोज तीनदा खोचली तरी नऊ वर्षे. मात्र धातूची टाचणी आत फिरवली तर एका दिवसात तिचे नुकसान होऊ शकते.

फोन, ट्रिमर, विजेरी, ई-सिगारेट या सर्वांच्या पोटात बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला सर्वाधिक जाच होतो तो उष्णतेचा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उपकरण विसरू नये, ते उशीखाली चार्जिंगला लावू नये आणि महिनोन्महिने वापरायचे नसेल तर साधारण निम्मे चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावे. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हे मी एक ट्रिमर गमावून शिकलो.

सेल काढता येणाऱ्या उपकरणांबाबत मी अधिक आग्रही आहे. १८६५० हा नळकांड्यासारखा लिथियम-आयन सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब असतो. त्याचे जवळजवळ सगळे धातूचे अंग ऋण ध्रुव असते आणि वरच्या कडेला धन ध्रुवापासून त्याला वेगळे राखण्यात बाहेरच्या पातळ प्लास्टिकच्या आवरणाचा मोठा वाटा असतो. ते तिथे सोलवटले, किंवा सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवला, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. म्हणून सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा. ई-सिगारेटच्या द्रव भरायच्या टाकीचे आटे तर हलक्या हातानेच फिरवावेत, कारण जास्त आवळले की मधला संपर्कबिंदू दबतो. तिथे पाझरलेला द्रव कोरड्या कापसाने पुसला की जोडणी पुष्कळ काळ टिकते.

केबल ओढताना तारेऐवजी प्लग धरावा, छत्री उघडी वाळवावी, अडणाऱ्या झिपेला मेणबत्ती घासावी, ही कामे मिनिटाभराची आहेत.

परवा विजेरी उघडली तेव्हा तिच्या सेलच्या वरच्या कडेला आवरण नखाएवढे उचललेले दिसले. सेल तसाच वापरण्याचा मोह क्षणभर झाला, तरी मी तो बाहेर काढला, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात देण्यासाठी बाजूला ठेवला.