करंट येतोय, पण परत जातोय का?

प्रीमियर पद्मिनी आता आमच्या गॅरेजवर क्वचितच येते. आली की शेजारच्या पंक्चरवाल्यापासून सगळे बघायला जमतात आणि प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. गेल्या पावसाळ्यात आलेली ही पद्मिनी 1978 ची, पाटणच्या एका निवृत्त हेडमास्तरांची, वडिलांच्या हातची गाडी. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेलं, रंग असा की बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडावा. अडचण एवढीच की डावा हेडलाइट नुसता तांबूस जळायचा. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला लग्नाला जायचं होतं. पावसाळ्यात त्या घाटात दिवसासुद्धा धुकं असतं, रात्रीचं तर विचारूच नका.

मास्तर आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत दोन बल्ब, एक जुना स्विच आणि बिलं. आधीच्या दोघा मेकॅनिकांनी बल्ब बदलले, दांडीवरचा स्विच बदलला. उजेड वाढावा म्हणून एकाने दोन्हीकडे 100/90 वॉटचे बल्बही ठोकून दिले; एकाच बल्बमध्ये लांबच्या उजेडाची, म्हणजे अप्परची तार 100 ची आणि जवळच्या उजेडाची, म्हणजे डिपरची 90 ची. डावा होता तसाच. "दोघंही म्हणाले, करंट बरोबर येतोय," मास्तर म्हणाले, "मग उजेड का येत नाही हो?"

करंट येत होता, हे खरंच होतं. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि टोक बल्बच्या डिपरच्या वायरला लावलं की लॅम्प लख्ख पेटतो. बहुतेक जण तिथंच थांबतात आणि बल्ब बदलतात. नळाला पाणी चांगलं येतंय, पण मोरी तुंबलीय का, हे कोणी बघत नाही.

मी आधी गाडीत बसलो. इंजिन चालू, हेडलाइट डिपरवर. डॅशबोर्डवरचा निळा दिवा, जो फक्त अप्परला लागायला हवा, तो अगदी बारीक जळत होता. पोऱ्याला बाहेरून विचारलं, "उजव्याची अप्परची तार बघ, काही दिसतं का?" तो म्हणाला, "दादा, डिपरच्या झगमगाटात काय दिसणार?" तेही बरोबर. पण निळा दिवा पुरेसा होता. डाव्या बल्बला अर्थ, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परतायची वाट, मिळत नसला की डिपरच्या तारेतून गेलेला करंट वाट शोधत त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजवीकडे जातो आणि तिकडच्या बल्बमधून अर्थ गाठतो. वाटेत निळ्या दिव्यालाही थोडा मिळतो. एका बल्बच्या वाटणीचे बारा व्होल्ट तीन तारांत वाटले गेले, तर डावा तांबूसच जळणार.

मीटर लावला. लाइट चालू ठेवूनच, हे महत्त्वाचं. बंद लाइटवर किंवा सॉकेट काढून मोजलं तर सगळं छान दिसतं. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं डाव्या सॉकेटच्या काळ्या वायरला. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आले आठ व्होल्टच्या वर. मग एक सुटी वायर बॅटरीच्या मायनसवरून त्या काळ्या वायरला नुसती टेकवली. डावा हेडलाइट भक्कन पांढरा पेटला आणि निळा दिवा विझला. मास्तर दोन पावलं मागे सरकले.

आता ती काळी वायर कुठं जाते ते बघायचं. मडगार्डच्या आतल्या बाजूला बॉडीला स्क्रूने आवळलेली होती, वायरीच्या टोकाचं थिंबलही नवं. पण स्क्रू काढला तर खाली पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, वर तो सुंदर रंग. डावं मडगार्ड ठोकून नवं केलेलं, म्हणून तिथला अर्थ रंगाच्या थरावर बसला होता. उजव्या बाजूला जुना स्क्रू कोणी हलवलाच नव्हता, म्हणून ती बाजू वाचली. मी पॉलिश पेपर काढल्यावर मास्तरांचा चेहरा पडला. "फार खरवडू नका, रंगाला बराच खर्च झालाय." रुपयाएवढा पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, आवळून वरून व्हॅसलीन फासलं. शिवाय दोन्ही हेडलाइटची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. पुढे पुन्हा कोणी रंगवलं तरी चिंता नको.

एवढ्यावर गाडी सोडता आली असती. पण पाच मिनिटांत स्टिअरिंगच्या दांडीचं बूड गरम लागायला लागलं. डावा बल्ब उपाशी होता तोवर स्विचवर भार कमी होता. आता 90 वॉटचे दोन पोटभर जेवत होते, म्हणजे पंधरा अँपिअर. स्विच त्याच्या निम्म्या भाराचा. उजवं सॉकेट आधीच तपकिरी पडलेलं. मी 60/55 चे एच-4 हॅलोजन बल्ब आणि दोन रिले सुचवले, एक डिपरला, एक अप्परला. रिले म्हणजे दांडीवरच्या स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा दुसरा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. मास्तर हटले नाहीत. "शंभरचे काढून साठचे घालता, आणि वर उजेड वाढेल म्हणता?"

मीटर त्यांच्याच हातात दिला. शंभरच्या बल्बवर, इंजिन चालू असताना, जुन्या बारीक वायरीतून कसेबसे साडेदहा व्होल्ट पोचत होते. रिले टाकल्यावर साठच्या बल्बवर तेराच्या वर आले. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो, हे मी सांगत बसलो नाही. शटरवर पडलेला उजेड ते बघतच होते.

तिथंच शटरवर फोकस धरला. डेंटरने उजवा हेडलाइट बसवताना वर तोंड करून बसवला होता, समोरच्याचे डोळेच दिपवले असते. तो खाली घेतला.

बिलावर घासाघीस झालीच. पैसे देऊन मास्तरांनी काढलेले 100/90 चे बल्ब कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. म्हणाले, "हे उद्या जाताजाता ज्याचे त्याला परत करतो. पावती आहे माझ्याकडे."