बेबाकी

१ जानेवारी २०२६, गुरुवार

झोप अजिबात झालेली नाही, डोळे चुरचुरतायत, पण आज लिहिलं नाही तर परत लिहिणार नाही हे मला माहितीये म्हणून बसलेय.

काल रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, साडेअकराला होती, आमच्या वसईतल्या चर्चच्या मैदानात. वाडीतून चालत गेलो तर केळीच्या पानांवरून दव टपटप गळत होतं, आम्ही बायका नाताळच्या साड्यांवर जुने स्वेटर घालून आणि पुरुष मंडळी नेहमीसारखी मागच्या खुर्च्या पकडून, लवकर सटकता यावं म्हणून. आळीतल्या पोरांनी यंदा जुन्या वर्षाचा म्हातारा बनवला होता जाळायला, पेंढा भरून, माझ्या मिस्टरांचा फाटका शर्ट त्याला घातला आणि वर त्याच म्हाताऱ्यासाठी आमच्याचकडे वर्गणी मागायला आले! बाराला आजूबाजूच्या सोसायट्यांमधून फटाके सुरू झाले, फादरांचा माइक ऐकू येईना, ते दोन मिनिटं हात पसरून तसेच गप्प उभे राहिले आणि मग जिथे थांबले होते तिथूनच पुढे. मला ते आवडलं. उगाच ओरडले नाहीत.

१ जानेवारी म्हणजे आमच्या कॅथलिकांत देवमातेचा, मरियामाऊलीचा सण, आणि १९६८पासून पोपमहाशयांनी जागतिक शांतीदिन म्हणूनही हाच दिवस ठरवलाय. पहिलं वाचन दर वर्षी तेच, बायबलच्या गणना पुस्तकातलं, अहरोन याजकाने लोकांना कसा आशीर्वाद द्यायचा ते. परमेश्वर आपलं मुख तुझ्याकडे वळवो आणि तुला शांती देवो, असं काहीसं. वर्षानुवर्षं ऐकतेय, काल पहिल्यांदा कानात अडकलं. देवाने तोंड आपल्याकडे वळवायचं. आणि इथे एक माणूस साडेपाच वर्षं माझ्यापासून तोंड चुकवतंय.

माझी चुलत बहीण. नाव लिहीत नाही. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, लहानपणी माझ्या कडेवर असायची, मला ताई म्हणते. म्हणायची. २०२०च्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याला अॅडमिट करायचं होतं, हॉस्पिटलने आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितलं, लॉकडाऊन, त्याचा पगार दोन महिने बंद, आणि मी चाळीस हजार दिले. माझा तेव्हाचा पगार सत्तावीस हजार होता, तेव्हा चाळीस म्हणजे काय हे मला कळत होतं. दोन महिन्यांत देते म्हणाली. माणूस वाचला, देवाची कृपा, पण नोकरी गेली, मग रिक्षा घेतली, रिक्षेचे हप्ते, पोराची फी. मी कधी एका शब्दाने विचारलं नाही. हे मी फार अभिमानाने सगळ्यांना सांगत आलेय, बरं का, की मी एका शब्दाने विचारलं नाही.

तेव्हा चर्चं बंद होती, मिस्सा मोबाइलवर बघायचो, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. चर्च उघडल्यावर ती सातच्या मिस्सेला दिसेना. मग कळलं सहाच्या मिस्सेला जाते. मग मला क्वायरची ड्यूटी सहाला लागली, तर ती तिथूनही गायब. आता मर्सेसला जाते म्हणे, रिक्षेने, स्वतःची पॅरिश, म्हणजे आपल्या गावचं चर्च, सोडून. आणि नाव बघा गावाचं, मर्सेस! पोर्तुगीजांनी मरियामाऊलीच्या नावावरून ठेवलेलं, दयेची माता. माझ्या चाळीस हजारांच्या भीतीने बाई दयामातेकडे पळाली.

आता कन्फेशनचं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याचं. ३० तारखेला संध्याकाळी आमच्याकडे प्रायश्चित्ताचा विधी होता, बाहेरच्या पॅरिशचे फादरही आलेले, तरी रांग दरवाज्यापर्यंत. मी दर वर्षी साधारण तीच यादी सांगते, चिडचिड, सासूबाईंबद्दल बोलले, रोझरी चुकवली. या वेळी का कोण जाणे, हेही सांगितलं. म्हणजे पाप म्हणून नाही, जरा मोठेपणा म्हणूनच, की फादर माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही हो, मी कधीच माफ केलंय. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "तिला माहितीये का?"

मी गप्प.

मला खरं तर राग आला. पैसे माझे गेले, तोंड ती लपवते आणि प्रश्न मला. त्यांनी प्रायश्चित्तही असं दिलं की काय सांगू, 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना फक्त एकदा म्हणा, पण हळू म्हणा. मी बाकावर बसून हळू म्हणायला गेले आणि अपराधांच्या क्षमेच्या ओळीला जी अडकले ती अडकलेच. आपण म्हणताना अपराध म्हणतो, पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात तिथे शब्द ऋण आहे. सरळ सरळ कर्ज. जसं आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलंय तसं तू आम्हाला सोड.

मी पतपेढीत कर्जविभागात आहे, सोळा वर्षं झाली, त्यामुळे हा शब्द मला नुसता भक्तीचा वाटत नाही. आमच्याकडे कर्ज थकलं की नोटिसा जातात, मग जामीनदाराला फोन, मग वसुली अधिकारी, आणि काहीच निघत नसेल तर शेवटी राइट ऑफ. लोकांना वाटतं राइट ऑफ म्हणजे माफ. अजिबात नाही. राइट ऑफ आमच्या वहीत होतं, आमचा ताळेबंद स्वच्छ दिसावा म्हणून. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुली चालूच राहते, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला आपलं कर्ज राइट ऑफ झालंय याचा पत्ताही नसतो, तो आपला पतपेढीचा रस्ता टाळून लांबच्या गल्लीने बाजारात जातो. खरं मोकळं करायचं असेल तर आम्ही कागद देतो, सही-शिक्क्याचा. बेबाकी दाखला, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असा. तो हातात पडल्याशिवाय माणूस मोकळा नाही.

म्हणजे मी बहिणीचं काय केलं? राइट ऑफ केलं. माझं मन स्वच्छ, माझा ताळेबंद स्वच्छ, कन्फेशनला सांगायला एक चांगली गोष्ट. आणि ती सहाच्या मिस्सेला, मग मर्सेसला. त्यातून माझा वरचा हात राहतो तो वेगळाच, हे लिहिताना लाज वाटते पण आहे खरं. लग्नकार्यात ती माझ्यासमोरून नजर खाली घालून जाते तेव्हा मी फार प्रेमळ हसते. ते हसू मला आज आठवतंय.

विधीत त्या दिवशी वाचलं होतं तेही मत्तयचंच, अठरावा अध्याय, राजाने ज्याचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे जन्मात न फिटणारं, कर्ज सोडलं तो चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. प्रवचनात नेहमी सांगतात, बघा, एवढ्याशा क्षुल्लक रकमेसाठी! क्षुल्लक कशी? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांचा रोज, तीन महिन्यांच्या वरचं काम. येशूला हिशोब कळत होता, त्याने मुद्दाम अशी रक्कम घेतली असणार जी सोडताना दुखेल. मला हे कुठल्याच प्रवचनात ऐकायला मिळालं नाही. बहुतेक फादर लोकांना हप्ते नसतात म्हणून.

आणि हे ज्युबिली वर्ष, म्हणजे चर्चने जाहीर केलेलं पवित्र वर्ष. 'आशेचे यात्रेकरू'चा बॅनर वर्षभर चर्चवर लटकत होता, आमच्याकडे २८ डिसेंबरला पवित्र कुटुंबाच्या सणाला समाप्ती झाली, आम्हीही मार्चमध्ये बस करून तीर्थयात्रा केली, वडे खाल्ले, सेल्फी काढले. मुळात ज्युबिली म्हणजे लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय, पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याला परत. (वसईत हे लागू करायचं म्हटलं तर अर्धे बिल्डर एका रात्रीत नास्तिक होतील.) आणि कर्जाचं तर त्याहून जवळचं, 'अनुवाद' नावाच्या बायबलच्याच पुस्तकात सातव्या वर्षी ऋण सोडायला सांगितलंय. मी बोटं मोजली. २०२० धरून मोजलं तर २०२६ सातवं.

पहाटे दोनला घरी आलो. म्हातारा जळून नुसती राख राहिली होती, त्यात मिस्टरांच्या शर्टाचं एक बटण.

४ जानेवारी, रविवार

आज तीन राजांचा सण. नाताळच्या गोठ्याचा देखावा अजून काढलेला नाही, त्यातला उंट पडलाय.

काल गेले तिच्याकडे. आधी मेसेज टाइप केला होता, 'पैशाचं टेन्शन घेऊ नको', मग खोडला, कारण तो वाचायलाच आठवणीच्या नोटिशीसारखा वाटत होता. मग सरळ फुगे तळले, आमच्याकडचे गोल तळलेले पाव. डबा भरला आणि तळाशी, कागदाखाली, चिठ्ठी ठेवली. काय लिहायचं यावर अर्धा तास गेला, आणि शेवटी ऑफिसचीच भाषा आली हाताला: 'येणे बाकी निरंक. सातच्या मिस्सेला ये. ताई.' खाली सही केली, तारीख टाकली. शिक्का तेवढा नव्हता.

ती घरी नव्हतीच. सासू होती. "ये बाय, बस, किती वर्षांनी आलीस," म्हणाली, आणि मला एकदम लक्षात आलं की या म्हातारीला पैशाचं काही माहीत नाही, तिला वाटतंय आम्हा बहिणींचं काही बिनसलंय आणि बहुधा चूक माझीच. मी काही बोलले नाही. द्राक्षाची वाइन दिली तिने, गोड होती, पोराच्या अभ्यासाचं बोललो, तिच्या गुडघ्यांचं बोललो. दयेची कामं चौदा, सात शरीराची सात आत्म्याची, कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठ केलेली, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, वगैरे. त्याच कामांसाठी पोर्तुगीजांच्या काळात आपल्या वसईच्या किल्ल्यात मिझेरिकॉर्दिया नावाची संस्थाच होती, आणि अपराधांची क्षमा हेही त्या चौदात आहे. एकेका घराची पायरी चढायला इतका वेळ लागतो हे मात्र कुणी शिकवत नाही.

सकाळी सातच्या मिस्सेला मी उजवीकडच्या बाकांकडे चार वेळा वळून बघितलं. फादरांनी पोप लिओंच्या शांतीदिनाच्या संदेशाचा उल्लेख केला, निःशस्त्र आणि निःशस्त्र करणारी शांती. मी एकदा परत वळले. मागच्या बाई म्हणाल्या, कुणाला शोधतेस गं.

ती नव्हती.

६ जानेवारी, मंगळवार

आज रोममध्ये पोप लिओंनी सेंट पीटर चर्चचा, ज्युबिली वर्षापुरता उघडलेला पवित्र दरवाजा बंद केला. उघडला होता आधीचे पोप फ्रान्सिस यांनी, २०२४च्या नाताळच्या आदल्या रात्री, व्हीलचेअरवरून, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. एकाने उघडायचा, दुसऱ्याने बंद करायचा. ऑफिसमधून आल्यावर मोबाइलवर क्लिप बघत होते तेवढ्यात बेल वाजली.

तिचा पोरगा. किती उंच झालाय, ओठावर मिशी फुटतेय. "आईने डबा दिलाय." डबा रिकामा पाठवत नाहीत आपल्यात, तसा तोही नव्हता, सुकेळी होती, म्हणजे वाळवलेली केळी, केळीच्या सोपटात बांधलेली, चांगली गोड वासाची, आणि तिच्याखाली पाकीट. पाकिटात पाचशेच्या चार नोटा. चिठ्ठी वगैरे काही नाही.

मी तिथेच दारात उभी. माझी चिठ्ठी तिला मिळाली की तेलाने भिजून फुग्यांच्या कागदाबरोबर कचऱ्यात गेली? की मिळाली, वाचली, आणि हे तिचं उत्तर आहे? पहिला विचार आला नोटा पोराच्या खिशात परत कोंबायच्या, 'आईला सांग, वेडी आहे का' वगैरे मोठ्या आवाजात. आतून मिस्टर विचारतायत कोण आहे.

तेव्हा मला एक म्हातारे आठवले. आमच्या पतपेढीत राइट ऑफ झालेलं कर्ज नऊ वर्षांनी फेडायला आले होते, दर महिन्याला तीनशे-चारशे रुपये घेऊन यायचे. नवीन मॅनेजर त्यांना म्हणाला, आजोबा, राहू द्या, या रकमेचं आता आम्हाला काही पडलेलं नाही. ते काउंटर धरून उभेच राहिले. पावती घेतल्याशिवाय हलले नाहीत, ती घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि पहिल्यांदाच मला 'मॅडम, येतो' म्हणून नजरेला नजर देऊन गेले.

मी नोटा मोजल्या, पोरासमोर. "दोन हजार मिळाले म्हणून सांग आईला. नीट सांग, ताईने मोजून घेतले." तो म्हणाला बरं. त्याला नाताळच्या फराळातले कलकल दिले, अर्धे तिथेच खाल्ले त्याने, रविवारी ऑल्टर सर्व्हिसला, म्हणजे मिस्सेत फादरांच्या मदतीला, येतोस का विचारलं तर म्हणाला आईला विचारतो.

लाइट बिल आलं होतं एकोणीसशे चाळीस. त्यातूनच भरलं.