कूलरचा आवाज

दुपारी तीनच्या सुमाराला कूलरची टाकी भरणं हे आमच्या घरात माझ्याकडे आहे. कुणी वाटून दिलं नाही, पडत गेलं. खिडकीच्या मागच्या बोळीत नळी धरून उभं राहायचं. नळी सोडून जाता येत नाही, कारण फ्लोट तुटलाय आणि तो बदलायचा म्हणजे बाजारात जायचं, बाजारात जायचं म्हणजे ऊन उतरल्यावर, आणि ऊन उतरल्यावर कुणाला कूलरची आठवण राहत नाही. परवा अशीच उभी होते. टाकीत पाणी, ताट्यांवर पांढऱ्या क्षाराचे थर, तोंडावर ओल्या गवताचा वास. तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला आणि गवताच्या पलीकडून, आतल्या हॉलमधून, सासूबाईंचं अर्धं वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "...पण सूनबाईला एवढ्यात सांगू नका."

मग आतही शांत, बाहेरही शांत.

काय सांगायचं नव्हतं ते मला अजून कळलेलं नाही. विचारणार तरी कसं? पण मी तिथे नळी धरून हसत सुटले. मला वाटत होतं, कूलरच्या आवाजाआड बोलणारे घरात आम्ही नवराबायको दोघंच आहोत.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात उन्हाळ्यात घर म्हणजे कूलरची खोली. बाकीच्या खोल्या एप्रिल ते जून नुसत्या सामानाला. कूलर लोखंडी पत्र्याचा, इथेच ठोकून घेतलेला, होळी झाली की माळ्यावरून उतरतो. यांनी त्याला रंग द्यायचा, मी ताट्यांत नवं गवत भरायचं. कंपनीच्या प्लास्टिकच्या कूलरबद्दल नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मत लिहिण्यासारखं नाही. रात्री त्याच्यासमोर गाद्या पडतात. समोरची जागा नानांची. आई, म्हणजे सासूबाई, म्हणतात मला थंडी वाजते, म्हणून कडेला झोपतात, आणि सगळे झोपले असं वाटलं की हळूच उठून बोटाने जाळीच्या पट्ट्या स्वतःकडे वळवून घेतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद आली की तिची दोन पोरं मध्ये घुसतात. आमची लेक कुठल्या गादीवरून निघून कुठल्या गादीवर पोहोचेल याचा नेम नाही. आम्ही दोघं शेवटी, भिंतीला लागून, जिथे वारा येईपर्यंत कोमट झालेला असतो.

तर नवराबायकोने बोलायचं कुठे? आमची खोली तापलेली, गच्चीवर शेजारच्यांच्या खाटा. फिरायला जावं तर आमच्याकडे दोघांनी जायचा रिवाज नाही, जीप भरेपर्यंत ती हलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे मला मोठ्या कौतुकाने उनपदेवला घेऊन गेले होते. मे महिन्यात, गरम पाण्याच्या झऱ्यावर! सोबत आत्या, मामी, त्यांची पोरं, कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदे. गोमुखातून वाफाळतं पाणी पडतंय, वरून खानदेशचं ऊन, आणि हे विचारतात, "कसं वाटलं?" मी मान हलवली. तेवढंच बोलणं झालं त्या दिवशी. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्याशिवाय नाही, पाटणादेवी लांब. शिवाय नळाला पाणी यायचा दिवस असेल तर कुठलीच सहल निघत नाही. कुणीतरी मोटर लावायला घरी राहायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

म्हणून कूलर. त्याचा घरघराट ही आमची भिंत. लेकीची शाळा, शेती सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, नणंदेच्या दिराचं वागणं, असलं सगळं आम्ही त्या भिंतीआड बोलतो. नेहमीच्या आवाजापेक्षा जरा वर, कुजबुजीपेक्षा खूपच वर. तो मध्यम आवाज सरावाने जमतो. फक्त लाइट गेली की वाक्य उघड्यावर पडतं.

माहेरी असलं काही नव्हतं. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव, धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर. संध्याकाळी आम्ही पोरं बादल्या वाहून धाब्यावर पाणी शिंपडायचो. तापलेली माती आधी चर्र करायची, मग वास सोडायची. गोधड्या टाकायच्या आणि आकाशाकडे बघत पडायचं. जरा वेळाने अंधारातून आजीचा आवाज यायचा, "पोरं जपी गयात का?" हे ऐकलं की आम्ही सगळे एकदम झोपायचो. डोळे मिटून, श्वास लांब करून. मग मोठ्यांचं बोलणं सुरू व्हायचं. कापसाचा चुकारा अजून आला नाही. काकांनी कुठून पैसे उचललेत. मोठ्या ताईला बघायला येणारे कोण. बैलजोडी गेली तेव्हा ती जाणार हे मला आधीच माहीत होतं, आणि सकाळी मी इतरांसारखंच "बैल कुठे गेले?" म्हणून रडलेही होते. रडणं खरंच होतं. आईबापा दोघांचं असं खासगी बोलणं त्यांनी कधी केलं, कुठे केलं, देव जाणे. केलं असेल तर विहिरीवर.

नाना दिवसा अडावदकडच्या मळ्यात असतात. केळी. आपल्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी, पण मानांकनाने ऊन थोडंच कमी होतं? गरम वारा सुटला की पानं चिंध्या होतात, घड सटकतात. कडेला शेवरी लावलीय, हिरवी जाळी बांधलीय. तरी नाना रोज रात्री मोबाइलवर तापमान बघतात ते वेगळ्याच हिशेबाने. फळपीक विम्यात पारा ठरलेल्या आकड्याच्या वर सलग काही दिवस राहिला तरच पैसे मिळतात. मध्येच एक दिवस ढग आले तर साखळी तुटते. त्यामुळे ऊन उतरलं की आम्ही सगळे हुश्श करतो आणि नाना शिवी देतात. ऊन वाढलं तरी देतात.

यांना पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय. गेल्या आठवड्यात आम्ही त्यावर बोलत होतो, आमच्या त्या मध्यम आवाजात. भाडं किती पडेल, लेकीची शाळा, नाना एकटे मळा किती दिवस ओढतील, आईंचे गुडघे. मी म्हणाले, "पुण्याला गेलो तर निदान रात्री..." आणि लाइट गेली.

कुणी हललं नाही. नणंदेचा धाकटा झोपेत काहीतरी बडबडला. बऱ्याच वेळाने समोरच्या गादीवरून नाना म्हणाले, "पुनामा कूलर लागस नही म्हने."

हे म्हणाले, "नाही लागत, नाना."

"बरं शे मंग," नाना म्हणाले आणि कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या बसने मळ्यात गेले. विषय कुणीच काढला नाही, मीही नाही. आता वाटतं, सासूबाईंचं ते अर्धं वाक्य याबद्दलचंच असेल. किंवा नसेलही, आखाजीच्या साडीचंही असू शकतं.

कोरड्या उन्हात कूलरसारखं सुख नाही, पण जूनमध्ये ढग जमले की तो नुसती चिकट हवा फेकतो आणि बंदच करावा लागतो. म्हणजे जे काही ठरवायचं ते त्याच्या आधी ठरवायला हवं. कंपनीलाही महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.